टपावरचे जुने विनाइल निघाले, पण गोंद पुसूनही पुन्हा चिकट होतो: कारणे आणि उपाय

गाडीच्या टपावरचे किंवा बॉनेटवरचे जुने विनाइल (शोभेसाठी रंगावर चिकटवलेले पातळ प्लास्टिक) काढून झाले, उरलेला गोंद पुसून झाला, पृष्ठभाग हाताला स्वच्छ लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी धुळीचा करडा थर घट्ट बसलेला दिसला, ही तक्रार मी अनेक गाडीमालकांकडून ऐकली आहे आणि स्वतःही अनुभवली आहे. पुन्हा पुसावे, पुन्हा स्वच्छ दिसावे आणि पुन्हा धूळ बसावी, असे चार-पाच वेळा होते. शेवटी कंटाळून कोणी थिनर आणतो, कोणी ब्लेड लावतो, आणि इतके दिवस जपलेल्या रंगाचे नुकसान त्या शेवटच्या अर्ध्या तासात होते.

माझी गाडी नागपुरातली, पांढरी, वापरलेली घेतलेली. आधीच्या मालकाने टपावर काळे चकचकीत विनाइल लावून घेतले होते. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा मोठी हौस होती आणि रेडियमच्या दुकानांत हे काम एका दिवसात होत असे. गाडी माझ्याकडे आली तोवर त्या विनाइलने सहा उन्हाळे सोसले होते. कडा आखडल्या होत्या, मधोमध वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या, आणि नखाने उचलायला गेले की रुपयाच्या नाण्याएवढा पोपडा हातात येऊन बाकीचे जागच्या जागी राहत होते. ते काढायला मला तीन दिवस लागले, आणि त्यानंतर गोंदाने आणखी आठवडाभर पिच्छा पुरवला. पुढे नातेवाइकांच्या दोन गाड्यांवर हेच काम केले तेव्हा ते एका दिवसात झाले आणि पुन्हा करावे लागले नाही. विनाइल काढणे आणि गोंद काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि गोंद विरघळवणे म्हणजे गोंद निघणे नव्हे, या दोन गोष्टी मधल्या काळात मला नीट कळल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

विनाइल आणि गोंद जुने होतात तेव्हा काय घडते

विनाइल म्हणजे पीव्हीसी. आपल्या घरातले पाण्याचे पाइप ज्या प्लास्टिकचे असतात तेच हे प्लास्टिक, आणि मुळात ते कडक असते. गाडीच्या वळणांवर बसण्याइतका मऊपणा यावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने आणि उष्णतेने हे द्रव्य हळूहळू विनाइल सोडून जाते. त्यातले काही वरून उडून जाते आणि काही खाली गोंदात मुरते. त्यामुळे जुन्या विनाइलची स्थिती अगदी उलटी होऊन बसते: जो थर लवचीक हवा तो पापडासारखा ठिसूळ होतो, आणि ज्या थराने विनाइलला धरून त्याच्याबरोबर निघून यायला हवे तो पाकासारखा सैल होऊन रंगावरच राहतो.

टप, बॉनेट आणि डिकी हे आडवे भाग दिवसभर ऊन सरळ अंगावर घेतात, म्हणून तिथले विनाइल दरवाजांवरच्या विनाइलपेक्षा कितीतरी आधी खराब होते. विनाइल बनवणाऱ्या कंपन्याही आडव्या भागांसाठी कमी मुदत सांगतात. दरवाजाचे विनाइल आख्खे सुटून आले म्हणून टपाचेही तसेच येईल असे धरून चालू नये, कारण एकाच गाडीवरची ही दोन कामे पूर्णपणे वेगळी निघू शकतात.

विनाइल कोणत्या जातीचे आहे यावरही बरेच अवलंबून असते. एका जातीचे विनाइल घावनासारखे बनते, म्हणजे पातळ द्रव ओतून, पसरून वाळवलेले. त्याच्या अंगात ताण नसतो, म्हणून ते फारसे आखडत नाही. दुसरे पोळीसारखे रुळांखाली लाटलेले असते. मैद्याची पुरी लाटून ठेवली की थोड्या वेळाने आखडते, तसे हे विनाइलही वर्षानुवर्षे थोडेथोडे आखडत राहते, आणि कडेला उघडा पडलेला गोंद धूळ खाऊन काळी रेघ धरतो. तुमच्या विनाइलच्या कडेला अशी काळी रेघ असेल, तर ते बहुधा लाटलेले विनाइल आहे आणि तुकड्यातुकड्यांनीच निघणार आहे. त्या हिशेबाने वेळ काढून ठेवावा.

पुसल्यावर पुन्हा चिकट का होते

स्वयंपाकघराच्या ओट्यावर गुळाचा पाक सांडला आणि ओल्या फडक्याने एकदाच फिरवून पुसला, तर ओटा तेवढ्यापुरता स्वच्छ दिसतो, पण पाणी वाळल्यावर पूर्वी वाटीएवढ्या जागेत असलेला चिकटपणा हातभर पसरलेला आढळतो. गोंदाचे नेमके हेच होते. त्यावर मिनरल टर्पेंटाइन, ज्याला रंगाच्या दुकानात एमटीओ म्हणतात, किंवा संत्र्याच्या सालीच्या अर्काचा क्लीनर, किंवा तयार गोंद-रिमूव्हर टाकला की गोंद विरघळतो, कापड सहज फिरते आणि पृष्ठभाग ओला व गुळगुळीत दिसतो. मात्र कापडाने उचललेला गोंद थोडा असतो आणि पसरवलेला जास्त. द्रावण उडून गेले की तो गोंद डोळ्यांना न दिसणाऱ्या पातळ थरात पूर्ववत चिकट होतो. गाडी रात्रभर उघड्यावर राहिली की धूळ त्यावर बसते आणि आदल्या दिवशी न दिसलेला थर दाखवून देते.

याशिवाय आणखी दोन कारणे असतात, आणि ती ओळखता आली नाहीत तर विनाकारण गोंदाच्याच मागे लागणे होते. पहिले कारण तेलाचे. खोबरेल तेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे वापरून गोंद काढला असेल, तर गोंद गेल्यावरही तेलाचा ओशट थर राहतो आणि धूळ त्याच्यावर बसते. ओळखण्याची रीत सोपी आहे: गाडीच्या शॅम्पूने ती जागा दोनदा धुवावी. तेल असेल तर निघून जाईल, गोंद असेल तर बोट फिरवताना अडेल. दुसरे कारण जागेचे. टपाच्या दोन्ही बाजूंना ज्या खाचा असतात, पुढच्या काचेच्या वरच्या रबराखाली जी फट असते, तिथे दुमडलेल्या विनाइलचा गोंद राहून जातो. दुपारच्या उन्हात तो सैल होतो आणि गाडी पुसताना कापडाबरोबर पुन्हा टपावर येतो. माझ्या गाडीवर आठवडाभर चाललेला त्रास यातूनच येत होता, आणि मी मात्र रोज टपाच्या मधोमध शोधत होतो.

हात लावण्यापूर्वी रंगाची परीक्षा

कारखान्यातला रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजलेला असतो आणि पत्र्याला घट्ट धरून असतो. अपघातानंतर गॅरेजमध्ये मारलेला रंग बहुधा ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर वाळवलेला असतो, आणि त्याखाली कधी कधी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते. अशा भागावरचे विनाइल ओढले की रंगही त्याच्याबरोबर येऊ शकतो. म्हणून वापरलेली गाडी घेतली असेल तर हे आधी तपासावे. दरवाजाच्या रबरावर, बिजागरीवर किंवा नटबोल्टवर रंगाचा फवारा उडालेला दिसला तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे असे समजावे. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचे यंत्र असेल तर विनाइल न लावलेल्या भागांवर मोजून घ्यावे. कारखान्याचा पूर्ण रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा. आकडा २०० च्या बराच वर गेला तर दुसरा हात मारलेला असण्याची शक्यता मोठी, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली लांबी आहे. विनाइल असलेल्या भागावर मोजल्यास त्याची सुमारे ८० ते १२० मायक्रॉन जाडी वजा धरावी. प्लास्टिकच्या बंपरवर हे लोहचुंबकी यंत्र चालत नाही, त्यामुळे शहरातल्या गाडीचा बंपर पुन्हा रंगवलेलाच आहे असे धरून काम करणे बरे.

या दीडशे मायक्रॉनमध्ये सर्वांत वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनचाच असतो, आणि ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा हे सगळे तो एकटा झेलत असतो. धातूचे ब्लेड, रेजमाल, भांडी घासायची जाळी यांना या कामात अजिबात जागा नाही, हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याचे कारण हा थर आहे. विनाइलचे पट्टे पाडून काढणे सोपे जाईल म्हणून त्यावर ब्लेडने रेघा ओढणारेही मी पाहिले आहेत. ती प्रत्येक रेघ रंगात उतरते.

विनाइल काढताना: किती उष्णता आणि केव्हा

विनाइल थंड असेल तर तुटते, आणि फार तापले तर गोंद मधोमध फाटून अर्धा विनाइलवर व अर्धा रंगावर राहतो. या दोहोंमधली जी अवस्था असते, विनाइल लवचीक झाले आहे पण गोंद अजून पाकाच्या तारेसारखा ओढला जात नाही, ती साधायची असते. पृष्ठभागाचे तापमान ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असले की ती साधते, असा माझा अनुभव आहे. तापमापक नसेल तर हाताचा तळवा टेकवून पाहावा: तीन-चार सेकंद ठेवता येतो, पण पुढे ठेववत नाही, एवढे तापमान पुरे.

विदर्भात मे महिन्याच्या दुपारी काळा टप हीट गनशिवायच (गरम हवा फेकणाऱ्या यंत्राशिवायच) ७० अंशांच्या पुढे जातो. ऊन आहे तर विनाइल आपोआप मऊ होईल असे वाटून मी पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता सुरुवात केली, आणि सगळा गोंद टपावर ठेवून घेतला. डिसेंबरच्या पहाटे याच्या उलट होते. विनाइल टिचक्यासरशी तुटते. छपराखाली किंवा सावलीत, सकाळी नऊच्या सुमारास, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीच्या हवेत हे काम सर्वांत चांगले होते. उन्हाळ्यातच करायचे असेल तर पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबावे.

हीट गनच्या तोंडाशी हवेचे तापमान काही शे अंश असते, म्हणून ती १५ ते २० सेंटिमीटर दूर धरून सतत हलवत ठेवावी आणि एका जागी क्षणभरही थांबवू नये. पीव्हीसी करपू लागले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, छातीला लागणारा धूर निघतो. असा वास आला तर आपण फार तापवले आहे हे समजून गन बाजूला करावी आणि मोकळ्या हवेत जावे. कोपऱ्यातून नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कड उचलावी, आणि सुटलेले विनाइल वर आकाशाकडे न ओढता स्वतःवरच मागे दुमडून, पत्र्याच्या जवळून, सावकाश ओढावे. वीतभर पट्टी सुटायला अर्धा मिनिट लागला तरी चालेल. जोराने ओढले की विनाइल तरी फाटते, नाहीतर गोंद तरी मागे राहतो. दोन माणसे असतील, एक तापवणारा आणि एक ओढणारा, तर काम निम्म्याहून कमी वेळात होते.

ओढताना विनाइलच्या मागच्या बाजूला गाडीच्या रंगाची पापुद्री दिसली तर तत्क्षणी थांबावे. विनाइल पुन्हा दाबून बसवावे, गार होऊ द्यावे आणि विरुद्ध दिशेने, कमी उष्णतेवर, त्याहूनही सावकाश प्रयत्न करावा. तरीही रंग उचलला जात असेल तर तेवढा भाग तसाच ठेवून रंगाऱ्याला दाखवावा. रंगवणे टळणार नाही, पण निदान किती भाग रंगवायचा हे आपल्या हातात राहते.

विनाइल नखाएवढ्या तुकड्यांतच तुटत असेल तर

टपाच्या बाबतीत बहुतेकांचा अनुभव हाच असतो, आणि इथे हीट गन फारशी उपयोगी पडत नाही, कारण ज्या द्रव्याने विनाइल मऊ राहते तेच आता त्यात उरलेले नसते. अशा वेळी वाफ चांगली. वाफेचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, त्यामुळे करपण्याची भीती कमी, आणि ओलसर उष्णता भेगांतून शिरून गोंदापर्यंत पोहोचते. बऱ्याच वॉशिंग सेंटरवर आता वाफेचे यंत्र असते; तिथे थोडे पैसे देऊन तासभर जागा आणि यंत्र मागता येते. वाफेचे तोंड भेगेशी धरून, मागोमाग प्लास्टिकची पट्टी जवळजवळ आडवी धरून सरकवत गेले की पोपडे सलग निघू लागतात. जुने प्लास्टिकचे कार्डही चालते, पण त्याची धार लवकर बोथट होते, म्हणून चार-पाच जवळ ठेवावीत.

वाफ मिळत नसेल तर दुसरा मार्ग वेळखाऊ आहे, पण खात्रीचा. जिथे भेगा आहेत तिथे जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा एमटीओमध्ये भिजवून पसरावा, वरून पातळ प्लास्टिकचा कागद झाकावा आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. द्रव भेगांतून गोंदात उतरतो आणि पोपडे खालून सुटतात. उच्च दाबाच्या पाण्याने पोपडे उडवण्याची पद्धतही आहे, आणि काही ठिकाणी ती झटपट काम करते. पण जिथे रंगाला आधीच टवका किंवा ओरखडा आहे तिथे पाणी रंगाखाली शिरून मोठा तुकडा उडवते. मी ती वापरत नाही.

हीट गन आणि ज्वलनशील द्रावण एकाच वेळी कधीही जवळ नसावेत. उन्हाळ्याच्या दिवसांत एमटीओची वाफ पेट घेण्याइतकी सहज निघते. गन बंद करून, गार करून, आत ठेवून यावी, मगच डबा उघडावा. सीएनजीच्या गाडीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाजवळ गन वापरूच नये. निघालेले पोपडे पालापाचोळ्याबरोबर जाळू नयेत. सुक्या कचऱ्यात द्यावेत.

गोंद काढण्याची रीत, ज्यात तो परत येत नाही

एका वेळी एक वीत रुंद आणि एक वीत लांब, एवढाच चौकोन घ्यावा. हे फार किरकोळ वाटेल, पण सगळे काम यावरच अवलंबून आहे. अख्ख्या टपावर द्रावण ओतले की अर्ध्या भागात पोहोचेपर्यंत उरलेला अर्धा वाळून गोंद पुन्हा बसलेला असतो.

त्या चौकोनावर भिजवलेले कापड ठेवून प्लास्टिकने झाकावे आणि पाच ते दहा मिनिटे थांबावे, घासू नये. गोंद फुगून लिबलिबीत होतो आणि रंगाची पकड सोडतो. मग झाकण काढून, पृष्ठभाग ओला असतानाच, प्लास्टिकच्या पट्टीने तो एका दिशेने सरकवत गोळा करावा आणि गोळा कागदावर पुसून टाकावा. गोंद विरघळवून पसरवण्याऐवजी फुगवून उचलायचा असतो. नव्वद टक्के गोंद असा गोळ्यांच्या रूपात निघायला हवा. राहिलेल्या चिकट्यावर पुन्हा थोडे द्रावण टाकून, कापडाची स्वच्छ घडी घेऊन, पुन्हा एकाच दिशेने पुसावे. कापड एकदा फिरले की ती घडी संपली. तीच घडी परत फिरवली तर तिने उचललेला गोंद ती परत ठेवते. माझ्या एका टपाला जुन्या बनियनांचे वीस-बावीस तुकडे लागले, आणि त्यात काटकसर केली असती तर पुन्हा तोच त्रास झाला असता.

द्रावणाची निवड साध्यापासून तीव्राकडे जाणारी असावी, आणि प्रत्येक द्रावण आधी न दिसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ दरवाजाच्या आतल्या कडेला, दोन मिनिटे लावून पाहावे. कापडाला गाडीचा रंग लागला किंवा पृष्ठभाग मऊ झाला तर ते द्रावण त्या गाडीसाठी नाही. संत्र्याच्या अर्काचे क्लीनर आणि एमटीओ हे कारखान्याच्या रंगाला साधारणपणे सुरक्षित असतात. पूर्वी अनेकजण रॉकेल वापरत. तेही चालते, पण रेशनचे रॉकेल आता सहज मिळत नाही आणि त्याचा ओशटपणा फार राहतो. छोट्या स्टिकरच्या गोंदासाठी निलगिरीचे तेल उत्तम आहे, मात्र टपाएवढ्या कामाला ते महाग पडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल जाड गोंदापुढे दुबळे ठरते, कारण ते भिजायच्या आत उडून जाते; ते शेवटच्या पुसणीसाठी ठेवावे. पेट्रोल वापरू नये, आगीचा धोका फार मोठा आहे.

एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचे तीव्र द्रावण, याविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण गॅरेजमध्ये सर्वांत आधी तेच पुढे केले जाते. कारखान्याचा भाजलेला रंग थिनरचा ओझरता स्पर्श सहन करतो, त्यामुळे काहीच झाले नाही असे वाटते. पण गॅरेजमध्ये मारलेल्या रंगाला, हेडलाइटच्या प्लास्टिकला आणि काळ्या ट्रिमला थिनर मऊ करतो किंवा विरघळवतो. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात आणि थिनर किंवा ॲसिटोन लागल्यावर त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, ज्या पॉलिश करून जात नाहीत. नेमका कोणता भाग पुन्हा रंगवलेला आहे हे आपल्याला पूर्ण खात्रीने माहीत नसते, म्हणून मी थिनरचा डबा कामाच्या जागी आणूच देत नाही.

ड्रिलला लावायचे रबराचे चाक पातळ पट्टीच्या किंवा दुतर्फी टेपच्या गोंदासाठी चांगले आहे. टपासारख्या मोठ्या भागावर त्याने जागोजागी रंग तापतो, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर ते लावूच नये.

संपले की नाही, हे कसे ओळखावे

गोंद निघाल्यावर शॅम्पूने दोनदा धुऊन, वाळवून, मग निम्म्या पाण्याने पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसून घ्यावे. नुकत्या रंगवलेल्या भागावर हे करू नये. त्यानंतर मी टपावर टाल्कम पावडरची हलकी चिमूट उडवतो आणि मऊ ब्रशने झटकतो. जिथे गोंद राहिला आहे तिथे पावडर नकाशासारखी उमटून राहते. डोळ्यांना आणि बोटांना न कळलेले भाग अशा रीतीने पाच मिनिटांत सापडतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या धुळीची वाट पाहावी लागत नाही. तेवढ्याच भागांवर पुन्हा भिजवण्यापासून सुरुवात करावी.

बाजूच्या खाचा आणि रबराखालची फट यांसाठी लाकडी काडीला कापड गुंडाळून, ते द्रावणात ओले करून फिरवावे. रबर द्रावणात फार वेळ भिजू देऊ नये. लगेच शॅम्पूच्या पाण्याने पुसून घ्यावे. आठ दिवसांनी, भर दुपारी गाडी उन्हात असताना, पांढऱ्या कापडाचे टोक त्या खाचेतून ओढून पाहावे. कापड काळे चिकट आले तर तिथे अजून गोंद आहे.

क्ले बार (रंगावर रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) आणि पॉलिश यांची पाळी त्यानंतर येते. गोंद शिल्लक असताना क्ले वापरला तर तो क्लेमध्ये गुंतून सगळीकडे फासला जातो आणि क्ले फेकून द्यावा लागतो. मॅट रंगाच्या गाडीवर पॉलिश मुळीच करू नये. टपावर पुन्हा विनाइल लावायचे ठरले असेल तर वॅक्स लावू नये, कारण त्यावर नवा गोंद धरत नाही.

काचेवरचे स्टिकर ही तुलनेने सोपी बाब आहे. साबणाच्या पाण्याने ओले करून ब्लेड आडवे फिरवले तरी चालते. अपवाद फक्त मागच्या काचेचा, जिच्या आतल्या बाजूस धुके घालवणाऱ्या बारीक तारा असतात. तिथे आतून ब्लेड लावले की तारा तुटतात.

गोंद गेला, तरीही रेघ किंवा छाया दिसते

विनाइलखालचा रंग इतकी वर्षे ऊन न खाता राहिलेला असतो आणि बाजूचा रंग उन्हात फिका पडलेला. त्यामुळे जिथे विनाइलची कड होती तिथे छाया दिसते. याला पुष्कळजण गोंद समजून द्रावणाने घासत बसतात. ती धुऊन जाणार नाही. तिचा उपाय बाजूच्या फिक्या भागाला पॉलिश करणे हा आहे, आणि लाल रंगाच्या गाड्यांवर तो नेहमीच पुरेसा पडतो असेही नाही.

बारीक, सरळ, बोटाला लागणारी रेघ मात्र वेगळी. ती विनाइल बसवताना जादा भाग गाडीवरच ब्लेडने कापल्याची खूण असते. माझ्या टपावर पुढच्या काचेच्या रबरालगत अशी जवळजवळ हातभर रेघ निघाली. पारदर्शक थर कापून ब्लेड पत्र्यापर्यंत गेले होते, आणि सहा वर्षे विनाइलने झाकल्यामुळेच तिथे पाणी पोहोचले नव्हते. आता झाकण गेले आहे, म्हणून अशी रेघ पावसाळ्यापूर्वी भरून घ्यावी लागते. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत समुद्राच्या हवेत गाडी असेल तर तेवढाही वेळ काढू नये. रेघ अल्कोहोलने पुसून, गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे मिळणारा टचअप रंग बारीक काडीने पातळ थरात भरावा, तो वाळल्यावर दुसरा थर द्यावा, आणि वरून पारदर्शक थर द्यायला विसरू नये. रेघेच्या आत आधीच तपकिरी गंज दिसत असेल तर वरून रंग भरून उपयोग नाही. गंज काढून प्राइमर मारण्यासाठी ती रंगाऱ्याकडेच न्यावी.